आगाशेकाकांनी सांगितलं म्हणून

१२ जाने. २०१९, शनिवार. डार्मश्टाट

सकाळपासून भुरभुर बर्फ. धड पडत नाही, धड थांबत नाही. सुधीरने तीन आठवडे टाळलेला फ्रागेबोगेन शेवटी मीच भरायला घेतला. वकिलांची प्रश्नावली, बावीस प्रश्न. गाडी कधी घेतली, कुठून, आजवर किती किलोमीटर, कंपनीने सॉफ्टवेअर बदलून दिल्यापासून काय त्रास. (दुसऱ्या गिअरला उचकी लागते. 'उचकी' जर्मनमध्ये कशी लिहायची यावर सु. आणि मी दहा मिनिटं भांडलो.)

तपासणीला उभी केली की गाडीचा धूर स्वच्छ, रस्त्यावर आली की पहिले पाढे पंचावन्न, असलं सॉफ्टवेअर कंपनीनेच आत बसवलं होतं. हे उघडकीला येऊन तीन वर्षं होऊन गेली. आता एक वकीलबाई आमच्यासारख्या शेकडो मालकांच्या केसेस एकत्र बांधून कंपनीपुढे ठेवणार. एकट्याने लढायची आमची काय टाप.

प्रश्न १४: हीच गाडी घ्यायचं कशाच्या आधारे ठरवलंत? जाहिरात, माहितीपत्रक, विक्रेत्याचा सल्ला, इतर. मी 'इतर'वर खूण केली आणि समोर लिहिलं, आगाशेकाकांनी सांगितलं म्हणून. खरं तेच आहे. माहितीपत्रक कुणी वाचलं होतं?

इथल्या मराठी मंडळात कुणाला गाडी घ्यायची असली की काकांना बरोबर न्यायचं, हा शिरस्ता आम्ही यायच्या आधीपासूनचा. काका १९६३ साली इथे आले, तेविसाव्या वर्षी. पुढे सगळी नोकरी पंपांच्या कारखान्यात, टेस्ट बेंचवर, तयार पंप तपासायची. गाडी बघायला निघताना पिशवीत टॉर्च आणि एक जुनी चादर, गाडीखाली आडवं व्हायला. दुकानदाराला आधी फोन करून बजावणार, इंजिन गार पाहिजे, मी यायच्या आत चालू करायचं नाही. मग बॉनेटवर तळहात ठेवून खात्री करणार, चालू करायला लावणार आणि डोळे मिटून ऐकत उभे राहणार. २०१३ साली आमच्या गाडीपुढे असेच चार मिनिटं उभे होते. विक्रेता घड्याळ बघायला लागला. काकांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "घ्या. प्रामाणिक आवाज आहे."

त्यांच्या सांगण्यावरून सहा घरांनी हेच मॉडेल घेतलं. सातवी गाडी त्यांची स्वतःची, सगळ्यांत आधीची. गणपतीला हॉलबाहेर टॅक्सी स्टँड वाटतो.

१९ जाने.

प्रश्नावल्या गेल्या. सहाही घरांच्या. मंदार कुलकर्णीने सगळ्यांच्या मागे लागून भरून घेतल्या, ज्याच्या त्याने आपापल्या घरी.

काका मात्र नाही म्हणाले. "माझी गाडी चांगली आहे. सॉफ्टवेअरचं काय असेल ते असेल." काकूंनी माझ्याकडे बघून भुवया उडवल्या.

३ फेब्रु.

काकूंकडे गेले, गुडघ्याचं औषध द्यायला. मेथी निवडत बसलो. काका शेजारच्या म्हाताऱ्याचं वॉशिंग मशीन दुरुस्त करायला गेले होते. येताना हात काळे, चेहरा उजळलेला. "पंप नव्हे गं, नुसता मोजा अडकला होता." एखाद्या माणसाला एवढ्याशा गोष्टीतही आनंद होतो, मला सुट्टी मिळाली तरी होत नाही.

९ मार्च, शनि.

वकीलबाईंचं पत्र. 'आमच्या असं लक्षात आलं आहे की आपल्यासह सहा अशिलांनी प्रश्न १४ च्या उत्तरात एकाच व्यक्तीचं नाव दिलं आहे. हेर (म्हणजे श्रीयुत) आगाशे हे वाहनविक्रेते आहेत का? त्यांना या व्यवहारांत कमिशन मिळालं का?'

सहाही जणांनी! आपापल्या घरी बसून, एकमेकांना न विचारता! मला इतकं हसू आलं की सु. बाथरूममधून साबण लावलेला तसाच बाहेर आला. कमिशन म्हणे. प्रत्येक गाडीमागे काकांना एक वाटी शिरा मिळाला, तोसुद्धा काकूंनीच केलेला.

मग शेवटची ओळ वाचली. खुलाशासाठी हेर आगाशे यांनाही स्वतंत्रपणे लिहिलं आहे.

हसू तिथेच थिजलं.

१० मार्च

गेले. पत्र टेबलावर, वर चष्मा ठेवलेला. काका टाय लावून बसले होते. रविवारी, घरात. सरकारी किंवा वकिली पत्र वाचताना ते टाय लावतात हे मला काकूंनी मागे हसत सांगितलं होतं, आज प्रत्यक्ष पाहिलं आणि हसायला आलं नाही.

"अनघा, तूही लिहिलंस?"

"हो, काका."

"खरं तेच लिहिलंस." मग बोटांवर नावं मोजली. कुलकर्णी, तुम्ही, दाते... सहा. "सहा घरं माझ्या शब्दावर गेली."

रागावले असते तर बरं झालं असतं. मी काहीतरी बडबडत राहिले, की दोष कंपनीचा आहे, सगळं जग फसलं वगैरे. ते मान हलवत होते, पण ऐकत नव्हते. दारापर्यंत सोडायला काकू आल्या. "कालपासून नुसता वरणभात चिवडतायत," म्हणाल्या.

घरी येऊन सु.वर उगाच खेकसले. तोही सोसतो बिचारा.

६ एप्रिल, पाडवा

मंडळाच्या कार्यक्रमाला काका नाहीत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. काकू एकट्या बसने आल्या, तसल्या गुडघ्यांनी. कुणी विचारलं की "सर्दी झालीय" सांगत होत्या. श्रीखंडाचा डबा भरून नेला त्यांच्यासाठी.

मंदारच्या ऑफिसात नवीन आलेल्या मुलीला गाडी घ्यायची आहे. तिने काकांना फोन केला, तर म्हणाले, "मला आता गाड्यांतलं कळत नाही." मंदारने हे विनोद म्हणून सांगितलं. चारपाच जण हसलेही. मला त्याच्या डोक्यात पन्ह्याचा जग ओतावासा वाटला.

११ मे

आज दुपारी काका आमच्याकडे आले. हातात बेसनलाडवांचा डबा. बूट काढले नाहीत, दारातच उभे राहिले. आधी वाटलं सहज आले असतील. मग कळलं, गेले तीन शनिवार ते घरोघरी जातायत. आमचं पाचवं घर.

"सुधीर, अनघा, तुमची गाडी मी निवडली. माझी चूक झाली. क्षमा करा."

ऐंशीला टेकलेला माणूस दारात उभं राहून आमच्यासारख्यांची क्षमा मागतो! सु. "चहा, काका, चहा" एवढंच म्हणत राहिला. मग म्हणाला, "गाडी जरा बघता का खाली येऊन, दुसऱ्या गिअरला..." काकांनी एकदम हात मागे घेतले.

जाताना जिन्यात थांबून म्हणाले, "गार इंजिन ऐकलं गं मी, नीट ऐकलं. पण आत कुणी काय लिहून ठेवलंय ते कुठे ऐकू येतं?" मग कठडा धरून सावकाश उतरले.

लाडू डब्यात तसेच आहेत.

१२ मे

काल लिहायचं राहिलं. त्यांच्यासमोर मी रडले नाही, नंतर भांडी घासताना रडले. पुण्याला आई-बाबा आहेत, पण इथे अडल्या-नडल्याला हीच दोघं. माझ्या ऑपरेशनच्या वेळी काकू पंधरा दिवस राहिल्या आणि काका रोज श्ट्रासेनबानने (ट्रामने) डबा घेऊन यायचे. त्या माणसाचं नाव मी फॉर्मवर लिहून वकिलाच्या हातात दिलं. सु. म्हणतो, तू एकटीच का, सहा जणांनी लिहिलं. म्हणजे काय, पाप सहाने भागायचं?

३ जून, सोम.

परवापासून गावातल्या दोन रस्त्यांवर जुन्या डिझेल गाड्यांना बंदी. आमचीही त्यात. माझ्या लॅबला जायला आता वळसा, वर उचक्या.

काकूंना फिजिओकडे मी नेते म्हटलं, तर काका म्हणाले, चालत जाऊ, बसने जाऊ. त्यांची स्वतःची गाडी इमारतीमागे उभी आहे, वर कापड टाकून. म्हणजे काकांची चालण्याची हौस आणि काकूंचे गुडघे. आज मला काकांचा राग आला, पहिल्यांदाच. कंपनीचा राग कुणावर काढायचा, तिला ना तोंड ना पत्ता. म्हणून तो असा इकडेतिकडे सांडतो.

१४ जुलै

काही नाही. लॅबमध्ये ऑडिट. काकूंचा फोन, आंब्याचं लोणचं मुरलंय, ने. काका? "आहेत. वाचत बसतात." काय वाचतात? "सगळं ते गाडीचंच."

२२ ऑगस्ट, गुरु.

बातमी! कंपनी आमच्या गटाशी फेरग्लाइश करायला तयार. म्हणजे तडजोड. कोर्टात निकालापर्यंत जायचं नाही, मालकांना भरपाई आणि हवं तर गाडी कंपनीला परत. वकीलबाई फोनवर पहिल्यांदाच माणसासारख्या बोलल्या.

आणि मग 'पण'. सहा फायली बाजूला काढल्यात. आमच्याच. कंपनीचे वकील म्हणतात, ही माणसं आमच्या शब्दावर विसंबलीच नाहीत, त्या गृहस्थांच्या शब्दावर विसंबली, तर आम्ही यांना कसं फसवलं? त्यामुळे काकांचं लेखी निवेदन हवं. एक, कमिशन घेतलं नाही. दोन, त्यांनी स्वतः कंपनीच्या स्वच्छ इंजिनाच्या दाव्यावर विश्वास ठेवला होता, म्हणजेच तेही फसवले गेले. १५ ऑक्टोबरपर्यंत पोचलं पाहिजे, नाहीतर आम्ही सहा बाहेर.

मंदारचा लगेच फोन. "तूच बोल, तुझं ऐकतात."

आता माझं ऐकतात म्हणे.

२५ ऑगस्ट

सांगितलं. काकांनी पूर्ण ऐकून घेतलं, दोन प्रश्न विचारले, दोन्ही नेमके. मग म्हणाले, "लिहितो. तुमचं नुकसान मी होऊ देणार नाही." मी इतकी हलकी झाले की येताना दोघांसाठी आइस्क्रीम घेऊन पुन्हा वर गेले. काकूंनी दोन्ही खाल्ली.

१ सप्टें., रवि.

मसुदा दाखवला. टेस्ट बेंचवरचा रिपोर्ट लिहितात तसा. पट्टीने आखलेला, मोत्यासारखं अक्षर. तपासणीची वस्तू, तारीख, निरीक्षण. सात गाड्या, सात तारखा. कमिशन: नाही. आणि खाली, 'दोषाचं कारण: खाली सही करणाऱ्याने केलेली अपुरी तपासणी.'

मी म्हटलं, "काका, हे काय?"

"अहवाल आहे."

"हे पाठवलंत तर कंपनी नाचेल. त्यांना हेच हवंय, की चूक तुमची होती, त्यांची नाही."

"मग खोटं लिहू? चाळीस वर्षं मी तपासणी केली. सही करणारा जबाबदार असतो. गेनाऊ, अगदी तसंच."

"पण तुम्हाला फसवलं त्यांनी!"

"लहान मुलं फसतात."

मी ओरडले. काकांवर. काय ओरडले ते लिहीत नाही, लिहिण्यासारखं नव्हतं. ते शांतपणे कागदाला टाचणी लावत होते.

७ सप्टें., शनि. मंडळाचा गणपती

काका आले. काकूंनी आणलं म्हणायला हवं, दंडाला धरून. आरतीच्या वेळी मागच्या खुर्चीत बसून होते. मी लांबूनच नमस्कार केला. त्यांनीही मान हलवली. आमच्यात असं कधी नव्हतं.

जेवणानंतर किचनमध्ये मी पातेली पुसत होते, काकू स्टुलावर. काका त्यांचा कोट द्यायला आत आले आणि मला बघून परत फिरायला लागले. काकू म्हणाल्या, "थांबा हो जरा." मग तिथेच, हातात पुरणाचा चमचा घेऊन:

"सगळ्या जर्मनीतल्या तज्ज्ञांना जे कळलं नाही ते तुम्हाला गाडीच्या आवाजावरून कळायला हवं होतं, असंच ना? मोठे लागून गेलात!"

"सुमन, इथे नको."

"इथेच. सगळ्यांचं पाप आपल्याच डोक्यावर घ्यायचं, हाही माजच आहे हो. गरीब दिसणारा, पण माजच. मी नर्स होते. औषधाच्या बाटलीत कंपनीनेच पाणी भरून दिलं असतं, तर मी काय करणार होते? आणि मग मी त्या पेशंटच्या पाया पडत फिरले असते का?"

काकांनी कोट काकूंच्या खांद्यावर घातला आणि बाहेर गेले. काकू चमचा धुवायला लागल्या. "एकोणपन्नास वर्षांत पहिल्यांदा चारचौघांत बोलले," म्हणाल्या. चौघं कुठे होतो, मी एकटीच होते. पण बरोबर आहे त्यांचं.

२१ सप्टें.

काका काय लिहिणार, काही कळत नाही. विचारायचं धाडस नाही. मंदारचे मेसेज रोज. आज त्याला लिहिलं, त्यांच्यावर अजून दडपण आणलंस तर मी स्वतःच माझी फाईल काढून घेईन. हे लिहिल्यावर जाणवलं की मी खरंच काढून घेईन. सु.ला सांगितलं. तो बराच वेळ गाडीच्या किल्लीशी खेळत राहिला आणि म्हणाला, "काढ. वळसा घालून जात जाऊ."

या माणसाशी लग्न केलं ते बरं केलं. (त्याला सांगितलं नाही. चढून बसेल.)

८ ऑक्टो., दसरा

सु.ने सकाळी गाडी धुतली, हार घातला. मी म्हटलं, फसवणाऱ्या गाडीची कसली पूजा? तो म्हणाला, तिने काय केलं? तिला शिकवलं तसं ती वागली.

संध्याकाळी सोनं द्यायला काकांकडे गेलो. इथे कुठला आपटा, दरवर्षीप्रमाणे अंगणातल्या बीचच्या झाडाची पानं. नमस्कार केला. काकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, जरा जास्त वेळ. निवेदनाचा विषय कुणीच काढला नाही. सात दिवस उरलेत.

१२ ऑक्टो., शनि.

सकाळी दहाला बेल. काका, एकटे. बूट काढले, आत आले, सोफ्यावर बसले. कोटाच्या आतल्या खिशातून पाकीट काढलं. बंद केलेलं, तिकीट लावलेलं, वकीलबाईंचा पत्ता.

"हे टपालात टाक. वाचायचं नाही."

"नाही वाचणार."

"यात खरं आहे ते लिहिलंय. तुमचं त्याने बुडेल की तरेल, मला सांगता येणार नाही."

"बुडू दे, काका."

खरं तर पुढचं बोलायचं ठरवलेलं नव्हतं. मार्चपासून आत होतं ते एकदम बाहेर आलं. म्हटलं, "मला क्षमा करा. मी तुमचं नाव लिहिलं तेव्हा मला वाटत होतं मी तुमचं कौतुक लिहितेय. देवाशपथ. त्या बावीस प्रश्नांत तेवढं एकच उत्तर मी आनंदाने लिहिलं होतं." आणि मग मूर्खासारखी रडायला लागले, सु.समोर.

काका बघत राहिले. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"अगं, कौतुक करायचं होतं तर मला सांगायचंस. सहा जणांनी जाऊन वकिलाला कशाला सांगितलंत?"

मी बाहीने नाक पुसलं.

"सहा वर्षांत एकानेही मला सांगितलं नाही," ते म्हणाले. तक्रार नव्हती त्यात. नुसतं सांगत होते.

खरंच नाही सांगितलं. गाडी घेतली, शिरा खाल्ला, पुढे दर गणपतीला शेजारी शेजारी गाड्या लावल्या. कुणालाच वाटलं नाही की हे बोलायला हवं.

पाकीट घेऊन मी खाली गेले. कोपऱ्यावरच्या पिवळ्या पेटीपाशी दोन मिनिटं उभी राहिले. ऊन होतं. पाकीट उन्हात धरलं असतं तर कदाचित एखादा शब्द दिसला असता, काकांनी कागद एकच वापरला होता. धरलं नाही. टाकलं.

वर आले तर सु. कुकर लावत होता आणि काका त्याला डाळ किती ते सांगत होते. दोघांचंही चुकत होतं.

२६ ऑक्टो., शनि.

वकीलबाईंचं दोन ओळींचं पत्र. हेर आगाशे यांचं निवेदन मुदतीत मिळालं. मजकुराचा अभ्यास चालू आहे, आपल्या फायलींबाबत यथावकाश कळवू.

यथावकाश म्हणजे कधी, देव जाणे. मंदारने दोनदा फोन केला. "आल्झो, म्हणजे त्यांनी नेमकं लिहिलंय तरी काय?" माहीत नाही म्हटलं. "तुला नक्की माहितेय." नाही रे बाबा. त्याला वाटतं मी लपवतेय.

उद्या दिवाळी. दुपारी चकल्या करताना काकांना फोन केला. त्यांना वाटलं पत्राबद्दल आहे, म्हणाले, "बोल, काय लिहिलंय त्यांनी?" मी म्हटलं, त्यासाठी नाही केला. मग सहा वर्षांत कुणीच सांगितलं नव्हतं ते कौतुक सांगितलं, सगळं, मराठीत. पलीकडून काकूंना हाक मारल्याचं ऐकू आलं, "सुमन, फोन स्पीकरवर कसा लावायचा?"